मारुतीरावांच्या समुद्रावरची बाटली

मी सलाईनची बाटली बोलतेय. नाक मुरडू नका. माझं नाव ऐकून तुमचा दंड दुखायला लागला असेल, पण गेली काही वर्षं मी कुठल्याही माणसाच्या वाटेला गेलेली नाही. बेळगावातल्या एका घरात मी समुद्र सांभाळते. मिरवतेय म्हणालात तरी चालेल. मिरवण्यासारखं केलंय, म्हणून मिरवतेय!

माझा जन्म काचेच्या भट्टीतला. औषध भरून मी एका दवाखान्यात आले आणि जुलाबानं गळाठलेल्या एका बाईच्या उशाशी मला उलटं टांगलं. संध्याकाळी तिनं डोळे उघडून पेज मागितली, तेव्हा मला फार बरं वाटलं. पण माणसांची रीत मोठी अजब. भरलेल्या बाटलीकडे सगळ्या घराचे डोळे, आणि रिकामी झाली की कुणी ढुंकून बघत नाही. माझ्या बहिणी फिनेल नाहीतर रॉकेल भरायला गेल्या. मला मात्र सिस्टर अंबुबाईंनी उकळत्या पाण्यातून काढलं आणि नळीसकट शेजारच्या जयाबाईंना दिलं.

जयाबाई हायस्कुलात शास्त्र शिकवत. त्यांचे यजमान मारुतीराव उचगावच्या शेतकरी घरातले, पण सगळी नोकरी जहाजावर फिटर म्हणून केलेली. नोकरी सोडून ते घरी आले, तरी मन पाण्यातच राहिलं. शेवटी त्यांनी सोप्यात काचेच्या कौलांखाली, जिथे ऊन पडतं तिथे, पलंगाएवढी काचेची टाकी बांधली. वेंगुर्ल्याहून मासळी आणणाऱ्या टेम्पोतून समुद्राचं पाणी कॅनमधून यायचं. टाकीत दोन पट्टेरी मासे होते आणि मालवणच्या कोळ्यांच्या जाळ्यात अडकून आलेलं, पेल्याच्या आकाराचं एक जिवंत प्रवाळ.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. दगडाचं घर बांधणारा जीव. त्या घराला चुना लागतो. समुद्रात तो कधी संपत नाही, टाकीत मात्र हळूहळू संपतो. आधीची दोन प्रवाळं अशीच झिजून गेली होती. तिसरंही फिकं पडायला लागलं, तेव्हा मारुतीराव बायकोकडे पाठ करून म्हणाले, "हेबी गेलं तर टाकी फोडून भंगारात घालतो. पुन्यांदा समुद्रातला जीव घरात आणायचा न्हाय." जहाजावरची नोकरी सुटल्यावर या माणसाला टाकीशिवाय दुसरा आनंद राहिला नव्हता, हे जयाबाईंना ठाऊक होतं.

जर्मनीतल्या एका बंदरावर कुणीतरी मारुतीरावांना अशा टाकीत चुन्याची निवळी घालताना दाखवलं होतं. बेळगाव-निपाणीकडे चुन्याला काय तोटा? तंबाखूबरोबर चुन्याची डबी खिशाखिशात! जयाबाईंनी कळीचा चुना बरणीत विरवला, झाकण लावून निवळू दिला आणि वरचं नितळ पाणी तेवढं माझ्यात भरलं. तळातला पांढरा साका बरणीतच ठेवला.

मग रोज पहाटे, टाकीवर ऊन यायच्या आधी, माझं काम सुरू व्हायचं. थेंब, थेंब, थेंब. आदल्या दिवशी टाकीतलं जेवढं पाणी उडून गेलं, तेवढीच निवळी. वाटीभरही जास्त नाही. चुना जहाल. एकदम पडला तर पाणी माशांना भाजून काढतं. म्हणून जयाबाई मधूनमधून शाळेतली कागदाची पट्टी पाण्यात बुडवून तिचा रंग बघत; चुना जास्त झाला की ती गडद निळी होते.

प्रवाळाला तरतरी यायला लागली आणि तेवढ्यात निपाणीला लग्न निघालं. घर राखायला मारुतीरावांचे थोरले भाऊ भावकूअण्णा उचगावाहून आले. जन्मभर तंबाखू मळलेला माणूस. रिकामी मी आणि साक्यानं भरलेली बरणी पाहून ते हळहळले.

"लई चिक्कू हाय आमचा मारुती! नुसतं वरचं पाणी पाजतोय. सगळा कस तर तळाला बसलाय की!"

अण्णांनी बरणी ताकासारखी ढवळली, ते दाट पांढरं पाणी माझ्यात ओतलं आणि माझ्या नळीचा चिमटा पार सैल सोडला. मला ओरडता येत असतं तर सगळी गल्ली गोळा केली असती! बघता बघता टाकी दुधासारखी झाली. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करायला लागले. प्रवाळ मिटलं.

एवढ्यात नवराबायको दारात. मारुतीरावांनी झेप घेऊन नळी काढली. "अण्णा, काय घातलंसा ह्यात?"

"माया केली रं... जरा जास्त घातलं," अण्णा म्हणाले.

जयाबाईंनी बुडवलेली पट्टी गडद निळी झाली. मारुतीराव टाकीतलं पाणी उपसून राखीव कॅन ओतायला लागले, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. जयाबाईंना शाळा आठवली. निवळीत फुंकर घातली की ती पांढरी होते, हा प्रयोग त्या दरवर्षी मुलांना दाखवत. फुंकरीतल्या वायूनं चुन्याचा जहालपणा मरतो, आणि तोच वायू सोड्यात असतो!

"भाऊजी, पळा! कोपऱ्यावरनं गोटी सोडा आणा. साधा, बिनसाखरेचा!"

अण्णा धोतर सावरत धावले. दुकानदारानं विचारलं म्हणे, "काय आण्णा, पित्त झालंय काय?"

"मला न्हाय रं, माशास्नी!"

सोड्याच्या बाटल्या फुटल्या. जयाबाई घोटघोट सोडा ओतत होत्या, पट्टी बघत होत्या. निळा रंग उतरला. आधी मासे खाली गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रवाळानं आपली बोटं एकेक करून बाहेर काढली आणि मारुतीराव काचेला कपाळ टेकून लहान मुलासारखे रडले. अण्णाही रडले. मी जिंकले होते. आम्ही सगळेच जिंकलो होतो!

तेव्हापासून माझे राखणदार कोण म्हणाल? भावकूअण्णा! उचगावाहून आले की माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतात. पाव्हण्यानं नळीकडे बोट केलं तरी गरजतात, "हात लावू नगा! थेंबानंच जायाला पायजे."

आज प्रवाळाच्या कडेला बोटभर रुंद नवी पांढरी किनार आलीय. ते इतकं फोफावलंय की काचेला टेकतं. काल काचवाला मापं घेऊन गेला. टाकी फोडणार म्हणणाऱ्या माणसानं तिच्या दुप्पट टाकी सांगितलीय! माझ्या शेजारी आणखी एक खिळा ठोकलाय आणि दवाखान्यातून नवी बाटली आलीय, कोरी करकरीत, कामाला लागायची घाई झालेली.

तिला मी एवढंच सांगितलं, "बाई गं, खाली जीव आहे. सावकाश."