चौऱ्याहत्तर पिशव्या

मिरी जन्मली तेव्हा इतकी एवढीशी होती, की तिच्या बापाने पहिल्याच दिवशी तिला मिरी म्हणायला सुरुवात केली आणि खरं नाव दवाखान्याच्या कागदावरच राहिलं. आता मिरी चार महिन्यांची झाली होती, आणि येत्या सोमवारी तिच्या आईची रजा संपत होती. रजा एकदा वाढवून मिळाली होती. दुसऱ्यांदा विचारल्यावर मॅनेजरने, तुमच्या जागी दुसरं कुणी बघू का, असं अगदी गोड आवाजात विचारलं होतं. म्हणजे सोमवारच्या आत मिरीने बाटलीने दूध प्यायला शिकायचं होतं. जगातली लाखो पोरं शिकतात हो. पण ही शिकेल तर शपथ.

आई कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर. तेरा वर्षं तिने एकच काम डोळ्यात तेल घालून केलं: गाडी दाराशी लागली की लेबल बघायचं, तापमान बघायचं, सील शाबूत आहे ना बघायचं आणि सही करायची. पाकीट उघडायचं नाही. नवीन माणसाने कधी मटाराचं पाकीट फोडून वास घेतला, तर त्याची ती अशी हजेरी घ्यायची की तो पुन्हा दहा दिवस तिच्या वाऱ्याला उभा राहायचा नाही. माल चांगला की वाईट हे लेबल सांगतं, नाक नाही, असा तिचा खाक्या.

तोच खाक्या तिने घरी आणला. मिरी तीन आठवड्यांची असल्यापासून ती दिवसातून तीनदा दूध काढायचा पंप लावून बसायची. दूध पिशवीत, पिशवीवर तारीख, वेळ, किती मिली, आणि पिशवी फ्रीझरमध्ये, जुनी पुढे, नवी मागे. फ्रीझरच्या दारावर तापमापक. मिरीचा बाप चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा, स्वभावाने गमत्या. तो म्हणायचा, आपल्या घरात आता बर्फाचा तुकडा घ्यायचा तर गेटपास लागतो. ती हसायची, पण दार उघडं राहिलेलं दिसलं की ओरडायचीही.

पंपाला अर्धा अर्धा तास लागायचा. तेवढा वेळ मिरी सासूबाईंकडे. कधी कधी बाहेरच्या खोलीत ती रडून रडून लाल व्हायची आणि ही आत यंत्राला बांधल्यासारखी बसलेली, "झालंच गं, झालंच" म्हणत. नंतर उपाशी राहू नये म्हणून आत्ता अर्धा तास दूर. कुठली आई याला चूक म्हणेल? चौऱ्याहत्तर पिशव्या भरल्या त्या दिवशी तिने नवऱ्याला हाक मारून फ्रीझर उघडून दाखवला होता. बाळंतपणानंतर इतकी खूश ती त्याच दिवशी दिसली.

रजेचा शेवटचा आठवडा सुरू झाला आणि पहिली पिशवी काढली. दूध गरम करायच्या यंत्रात कोमट केली, उकळलेल्या बाटलीत ओतली, सासूबाईंनी मिरीला मांडीवर घेतलं. मिरीने दोनदा चोखलं. मग तिचं तोंड वाकडं झालं, जिभेने बाटलीचं निपल बाहेर ढकललं आणि तिने घर डोक्यावर घेतलं.

निपल कडक असेल. मऊ आणलं. भोक मोठं असेल, बारीक आणलं. मग वाकड्या मानेची बाटली आली, मग आईच्या अंगासारखी म्हणून खोक्यावर लिहिलेली आली. ओट्यावर बाटल्यांचं दुकान मांडलं गेलं आणि मिरी प्रत्येकीला दोनदा चोखून तोच निकाल देत राहिली.

मंगळवारी सासूबाईंनी बाटली नाकाशी नेली आणि म्हणाल्या, दुधाला कसलासा वास येतोय का गं. सुनेचा आधीच पारा चढलेला. तिने रिकामी पिशवी त्यांच्यासमोर धरली. "आई, तारीख बघा. तापमान उणे अठराच्या वर एक दिवस गेलेलं नाही. आणि बाटलीला नाक लावू नका, जंतू जातात." सासूबाई भल्या बाई. असेल, माझंच नाक म्हातारं झालं, म्हणाल्या आणि पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

मग सगळ्यांचे सल्ले. मैत्रीण म्हणाली, आईचा वास घरात असला की पोरं बाटली घेत नाहीत, तू बाहेर जा. मावशी म्हणाली, लाड करताय, कडकडून भूक लागली की बरोबर घेईल. झालं. बुधवारपासून सकाळी सहाला मिरीला अंगावर पाजायचं आणि आईने घराबाहेर पडायचं ते दुपारी दोनपर्यंत, थेट ड्यूटीसारखं.

पण जाते कुठे? ती एक मजला उतरून जिन्यात बसली. दहा वाजता पहिली बाटली दिली तेव्हा वरून रडणं ऐकू आलं. बाराला पुन्हा. रडणं ऐकलं की छातीला दूध सुटायचं, ब्लाउज भिजायचा आणि ती पायरीवर पदर गच्च धरून बसायची. वर लेक भुकेने तळमळतेय, खाली दूध वाया जातंय, आणि मधे एक मजला. किती वेळा उठली, किती वेळा पुन्हा बसली. सोमवारी कोण वर धावणार आहे, असं स्वतःलाच दटावायची. गुरुवारी तेच. शुक्रवारीही तेच. सासूबाई म्हणाल्या, भारी हट्टी कार्टी आहे. तीही दमून, रागाच्या भरात म्हणाली, "हट्टीच आहे."

शनिवारी दुपारी तिने कोमट दूध मनगटावर टाकून बघितलं. थेंब कोपराकडे ओघळला. पुसायला फडका सापडेना, म्हणून तिने तो चाटला.

साबण. कडवट, ओकारी यावी असा साबण.

तिने ती बाटली सिंकमध्ये ओतली. मग दुसरी पिशवी काढली, कोमट केली आणि जिभेवर घेतली. तिसरी. मधली एक. सगळ्यात नवी. सगळ्यांची तीच चव. सिंकपाशी तेरा वर्षांची सुपरवायझर पाकिटामागून पाकीट फोडत होती आणि थुंकत होती. नवरा आत आला, त्याने एक घोट घेतला आणि कधी नव्हे ते त्याला काही गंमत सुचली नाही.

बाळांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, होतं असं. काही जणींचं दूध गोठवून ठेवलं की चव पालटते. अपायकारक नसतं, काही पोरं पितातही, काही तोंडच लावत नाहीत. ताजं असतानाच गरम करून गोठवलं असतं तर झालं नसतं. आता या साठ्याचं काही करता येणार नाही. "पण तुम्ही चव बघितली नव्हती का?" त्यांनी विचारलं. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता, नुसतंच विचारलं होतं.

पिशव्यांचं दुःख तिला झालंच नाही. नवरा एकेक सिंकमध्ये रिकामी करत होता, तिकडे तिने वळूनही पाहिलं नाही. तिला लागलं ते वेगळंच. पोरगी खरं सांगत होती. पाच दिवस, जेवढं चार महिन्यांच्या जिवाला सांगता येतं तेवढं ओरडून सांगत होती. आणि आपण तिला कार्टी म्हटलं, हट्टी म्हटलं, उपाशी ठेवलं.

रविवारी सकाळी तिने ताजं दूध काढलं. आधी स्वतः चाखलं. गोड होतं. सासूबाईंनीही चाखलं, मान हलवली. बाटली मिरीच्या तोंडाशी नेली, आणि ती ओठांना लागायच्या आतच मिरीने तोंड मिटून मान फिरवली. चोखून बघितलंच नाही. चमचा आणला, चमच्यालाही मान फिरवली. वाटी आणली. काहीही समोरून येताना दिसलं की ओठ घट्ट. "मिरे, चांगलं आहे गं हे," आई म्हणत राहिली, "आता चांगलं आहे." कोण ऐकतंय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भीती बसली असेल, जबरदस्ती करू नका, हळूहळू जाईल. किती दिवस, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

सोमवारी सहाला तिने मिरीला अंगावर घेतलं. मिरीने लगेच तोंड लावलं नाही. ओठ मिटून आईकडे पाहत राहिली, बराच वेळ, आणि मग प्यायली. साडेसहाला आईने गणवेशाचा जाड कोट चढवला आणि ती निघाली. कशी निघाली ते तिचं तिला ठाऊक.

दहा वाजता घरून फोन नाही. अकराला नाही. बाराला तिने गाडीच्या दाराशी उभं राहून स्वतःच लावला.

"घेतलं का हो आई?"

"नाही गं," सासूबाई म्हणाल्या. "चारदा बघितलं. चमच्याने दिलं, तेही बाहेर." मग सुनेला धीर यावा म्हणून पुढे म्हणाल्या, "पण तू जिवाला लावून घेऊ नकोस. आज ती रडत नाहीये. सकाळपासून एकदाही रडली नाही बघ. शहाणी झाली."

गाडीवाला कागद पुढे करून उभा होता. तिने त्याला हातानेच थांबवलं.

"आई, फोन जरा तिच्याजवळ धरा."

सासूबाईंनी धरला असावा. तिने हाक मारली. पुन्हा मारली. पलीकडे मिरीचा श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही.