रंगाखालचा गंज

मित्रांनो, मी एक जुना स्टँड आहे. बसगाड्यांचा नव्हे. खेळाच्या मैदानाच्या कडेला प्रेक्षकांना बसायला पायऱ्या-पायऱ्यांचा असतो ना, तो. बहारीनमध्ये मुहर्रक बेटावर, हिद्दच्या अलीकडे, रग्बी लीगचा एक लहानसा क्लब आहे. त्याच्या मैदानापाशी मी बावीस वर्षे उभा आहे. आता फार दिवस उभा राहणार नाही. म्हणून जे घडले ते तुम्हाला सांगून टाकतो.

माझा जन्म हिद्दच्या एका वर्कशॉपमध्ये झाला. लोखंडी अँगल कापून, वेल्डिंग करून माझा सांगाडा उभा केला. त्यावर सात पायऱ्या, पायऱ्यांवर लाकडी फळ्या आणि डोक्यावर पत्रा. मला ट्रकवर घालून मैदानावर आणले, तेव्हा हे मैदान म्हणजे निम्मे गवत आणि निम्मी वाळू होती.

रग्बी लीग तुम्ही कदाचित पाहिला नसेल. एका बाजूला तेरा खेळाडू असतात. अंडाकृती चेंडू छातीशी धरून ते पळतात आणि समोरचे त्यांना कवळ घालून खाली पाडतात. शुक्रवारी दुपारनंतर सामना असला की मी भरून जात असे. जुफैरच्या वस्तीतून परदेशी लोक येत, मुहर्रकची कुटुंबे येत, विमानतळावरून ड्यूटी संपवून थेट आलेले लोडर येत. कुणी चेंडू घेऊन शेवटच्या रेषेपलीकडे झेपावला की सगळे माझ्या फळ्यांवर पाय आपटत. तो दणदणाट मला फार आवडे. "इथे वारा काय सुंदर लागतो!" असे लोक म्हणत. मला अभिमान वाटे. पण तो वारा समुद्रावरून येत होता, खारा होता, आणि तोच मला आतून खात होता, हे त्यांना ठाऊक नव्हते. ते एकाच माणसाला ठाऊक होते.

त्याचे नाव अनिरुद्ध खोब्रागडे. भंडारा जिल्ह्यातून आलेला, आयटीआय झालेला वेल्डर. क्लबचा टेक्निशियन म्हणून तो आला आणि दिवे, पाण्याचा पंप, नळ, कुलुपे, सगळे त्याच्याच गळ्यात पडले. तरी आठवड्यातून एकदा तो वायर ब्रश घेऊन माझ्या पोटाखाली शिरे. बाकी सगळे मला वरून ओळखत. तो मला खालून ओळखत असे. खरवडताना तो माझ्याशी बोले. "थांब बाप्पा, इथं फुटलं वाटते," म्हणे आणि तिथे लाल प्रायमरचा हात फिरवी.

त्याची मुलगी श्रावस्ती याच मैदानावर खेळायला शिकली. पुढे मुलींचा संघ निघाला आणि ती मैदानाच्या कडेने पळणारी त्यांची सर्वांत वेगवान खेळाडू झाली. अनिरुद्ध तिला लाडाने 'माय' म्हणून मराठीत हाका मारी, ती इंग्रजीत उत्तर देई. दोघांचे त्यात काही अडत नव्हते. सामना असला की तो पंपाच्या खोलीतून हळूच बाहेर येई आणि माझ्या कोपऱ्याला टेकून तिचे पळणे पाही. त्या वेळी त्याचा ऊर कसा भरून येई, हे मी जवळून पाहिले आहे.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्याने माझ्या पूर्वेकडच्या टोकाच्या खांबाला स्क्रूड्रायव्हर टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला. अनिरुद्धने तो ओढून बाहेर काढला. मग उठून क्लबच्या सेक्रेटरी खदिजाबाईंकडे गेला. खदिजाबाई वाईट नव्हत्या, मित्रांनो. क्लब चालावा म्हणून त्या दहा दारे ठोठावत. पण त्या दर वेळी म्हणत, "मालूम है, अनिरुद्ध. पैसा मफी." मफी म्हणजे नाही.

आणि मग सरकारची योजना आली. क्लबांची मैदाने सुधारण्यासाठी अनुदान मिळणार होते. अनिरुद्ध त्या दिवशी जवळजवळ पळतच माझ्याकडे आला. अर्ज इंग्रजीत लिहायचा होता. श्रावस्ती माझ्या तिसऱ्या पायरीवर बसली आणि तो सांगत गेला तसे लिहीत गेली. पहिल्या क्रमांकाला त्याने स्टँडचे खांब घातले. मला वाटले, आपले दिवस पालटले.

पण सरकारी पाहणीच्या आठवड्यात खदिजाबाई घाबऱ्याघुबऱ्या मैदानावर आल्या. दुसऱ्या एका क्लबचे मैदान पाहायला गेलेल्या लोकांनी तिथे थेट कुलूप लावले होते, धोकादायक म्हणून.

"अनिरुद्ध, रंग मारो. सब नया दिखना चाहिए," त्या म्हणाल्या.

"मॅडम, पूरबवाला खंभा अंदर से खतम है. उनको दिखाना पडेगा."

"दिखाया तो बंद कर देंगे. फिर बच्ची लोग किधर खेलेगा? तुम्हारी बेटी किधर खेलेगी? पैसा आने दो, पहले वही खंभा बनाएंगे. इंशाल्ला."

त्याचा व्हिसा क्लबचा होता. मुलगी क्लबची होती. शिवाय खदिजाबाईंचा शब्द खोटा नव्हता, त्यांना तसे करायचेच होते.

तीन दिवस त्याने मला रंग दिला. वाईट काम त्याला येतच नसे. त्याने भोकांत पुट्टी भरली, ती घासून गुळगुळीत केली आणि वर हिरव्या ऑइल पेंटचे दोन हात मारले. पूर्वेच्या खांबापाशी तो थबकला. "हे रंगवून काय होते बाप्पा?" असे पुटपुटला. आणि त्याने तोही खांब रंगवला. मी नव्यासारखा दिसू लागलो. मला ओरडून सांगायचे होते, पण लोखंडाला तोंड नसते.

यासीन नावाचा इंजिनिअर पाहणीला आला. सज्जन माणूस, पण त्याला संध्याकाळपर्यंत आणखी चार मैदाने पाहायची होती. "स्टँड तर उत्तम ठेवला आहे," तो म्हणाला. त्याने अर्जातली खांबांची ओळ खोडली आणि कागद पुढे केला. देखभाल करणाऱ्याची सही हवी होती. अनिरुद्धने खदिजाबाईंकडे पाहिले. त्या मैदानाकडे पाहत होत्या. त्याने सही केली.

अनुदान आले. पण ते कागदावरच्या कामांसाठीच आले. कपडे बदलायला मुलींना खोल्या मिळाल्या, नवे गेट झाले, विजेचा गुणफलक लागला. माझ्या नावापुढे 'स्थिती चांगली' असे लिहिले होते. जे चांगले आहे त्याला पैसे कोण देणार? खदिजाबाईंनी दोन पत्रे पाठवली. उत्तर आले की पुढच्या टप्प्यात पाहू. अनिरुद्धने पूर्वेकडचा भाग दोर बांधून बंद केला आणि वर पाटी लावली. यापलीकडे त्याच्या हातात काही नव्हते.

नव्या गेटच्या उद्घाटनाला खूप पाहुणे आले. सामना मुलींचाच ठेवला होता. तो आमच्या मुलींनी जिंकल्यावर फोटो काढायचे ठरले. फोटोवाल्याला मागे गेट हवे होते आणि गेट मागे येत होते ते फक्त माझ्या पूर्वेकडच्या टोकाशी. "हा दोर फोटोत घाण दिसेल," तो म्हणाला. खदिजाबाई पाहुण्यांशी बोलत होत्या. त्यांनी तिकडे न बघता मान हलवली. कुणीतरी दोर सोडला. तेरा मुली हसत-खिदळत माझ्यावर चढल्या.

अनिरुद्ध मैदानाच्या पलीकडे गुणफलकाच्या शिडीवर होता. त्याने पाहिले. शिडीवरून उडी टाकून तो धावत सुटला आणि अशा वेळी माणसाच्या तोंडून निघते ती भाषा त्याच्या तोंडून निघाली.

"उतर माय! खाली उतर! सगळ्याईले उतरव!"

एवढ्या लोकांत ते कळणारी एकटी श्रावस्तीच होती. ती सर्वांत वरच्या पायरीवर उभी होती. तिने बापाकडे पाहिले, मग पायांखाली पाहिले आणि ओरडली, "गेट डाउन! यल्ला, यल्ला, डाउन!" मुली भराभर उड्या मारू लागल्या. तिच्या शेजारची उमैमा मात्र भीतीने कठड्याला चिकटून बसली. श्रावस्तीने तिचे हात सोडवले आणि तिला खालच्या मुलींच्या अंगावर ढकलून दिले. त्याच क्षणी माझा खांब वाकला.

मित्रांनो, मी धरून ठेवायचा प्रयत्न केला असे म्हणणे खोटे होईल. धरून ठेवायला माझ्यात काही उरलेच नव्हते. वरच्या पायऱ्या खाली आल्या आणि ती पोर माझ्याच लोखंडाखाली सापडली. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. अनिरुद्धने फळ्या उचलताना स्वतःचे हात फाडून घेतले. "दुखते का माय?" एवढेच तो विचारत होता. ती ओठ चावून म्हणत होती, "आय अ‍ॅम ओके, बाबा. उमैमा ओके?"

उमैमाला खरचटलेसुद्धा नव्हते.

यासीन पुन्हा आला. या वेळी त्याने मोडलेल्या खांबावर किल्ली घासली. हिरवा पापुद्रा निघाला आणि आतून तपकिरी भुगा वाळूवर सांडला.

"यावर रंग कुणी दिला?" त्याने विचारले.

"मी दिला," अनिरुद्ध म्हणाला.

"आत काय आहे ते माहीत असताना?"

"माहीत असताना."

खदिजाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी सांडलेल्या भुग्याकडे पाहिले. मग त्या नव्या गेटमधून निघून गेल्या. अहवालात एकाच माणसाचे नाव आले. त्याच्या सहीखाली तारीखही होती.

क्लबने त्याचा व्हिसा वाढवला नाही. डॉक्टरांनी सांगितले की मुलगी चालेल, पण तिला हा खेळ पुन्हा खेळता येणार नाही. अनिरुद्धची अठरा वर्षे जिथे गेली तो देश सोडून ते कुटुंब भंडाऱ्याला निघून गेले. जाण्यापूर्वी अनिरुद्ध एकदा आला होता. माझ्याभोवती पत्रे ठोकलेले होते. तो पत्र्याबाहेर थोडा वेळ उभा राहिला. या वेळी तो माझ्याशी एक अक्षरही बोलला नाही.

अपघातानंतर मात्र नव्या स्टँडसाठी अनुदान महिन्याभरात मंजूर झाले. येत्या आठवड्यात गॅस कटर येईल आणि माझे तुकडे भंगारात जातील. मला वाचवा, अशी विनवणी मी करणार नाही. ती वेळ केव्हाच गेली. नवा येईल तोही देखणा असेल, लोक त्याचीही वाहवा करतील, आणि खारा वारा पहिल्याच दिवसापासून त्याला चाटू लागेल.

एवढेच मागतो. कुठलीही वस्तू जपायची असेल तर ती जिथे दुखते तिथे जपा. आणि तिच्या पोटाखालून सरपटत बाहेर येऊन, "साहेब, इथं आतून खलास झालं आहे," असे कुणी सांगू लागला, तर त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्या. आमच्याकडे असा एक माणूस होता. त्याला आम्ही गप्प केले.