पुरात दार

प्रगतीला उल्हासनगरच्या त्या कंपनीत घेतलं होतं गेम बनवायला. बसवलं मात्र कुलपं लावायला. मोबाइलवर पोरं खेळात रंगली की दार बंद करायचं आणि जाहिरात बघितल्याशिवाय उघडायचं नाही, हे तिचं काम. तीन वर्षं! स्वतःचं काही सुचेनासं झालं, तेव्हा बिचारीला वाटलं आपणच आटलो. आटेल नाहीतर काय होईल?

शुक्रवारी तिने हिय्या करून एक नवी कल्पना मांडली. हेमचंद्र सर मान वर न करताच म्हणाले, "मॅडम, दिमाग मत लगाओ. चालू गेम उचला, रंग बदला, लॉक टाका."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारी तिने इरेला पेटून घरचा लॅपटॉप उघडला. मोठं काही नाही, एकाच स्क्रीनचा गेम. मांजर्लीतली त्यांचीच बिल्डिंग, तळमजल्यावरचं त्यांचंच घर. नदीचं पाणी आत शिरतंय आणि सामान वरच्या मजल्यावर न्यायचंय. गाद्या, सिलेंडर, तांदळाचा डबा स्क्रीनवर रेखाटताना ती जेवायलाही विसरली. संध्याकाळी तिने फोन आईच्या हातात दिला.

आईने सिलेंडर वर नेला, डबा नेला, कागदपत्रांची पिशवी नेली. चौथ्या खेपेला ती जिन्यात अडली.

"हे दार का लागलं गं?"

"तीन खेपांनंतर लॉक होतं. मग जाहिरात..." प्रगती अडखळली.

"वरच्या भगवंतकाकांचं दार?" आई कडाडली. "दोनदा पाणी आलं. दोन्ही वेळा त्या माणसाने आपलं सामान स्वतःच्या पलंगावर घेतलं. पुरात दार लावतं का कुणी? लाज नाही वाटली?"

वाटली. हे कुलूप सरांनी सांगितलं नव्हतं. तिच्याच बोटांनी सवयीने लावलं होतं. आता तिला सरांपेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला. तिने कुलूप काढून टाकलं.

आई पुन्हा खेळली. सगळं सामान वर गेलं, तरी ती खालीच घुटमळत राहिली.

"जिंकलीस की, आई!"

"जिंकले कसली? शेजारच्या माधवीचं घर कुठंय? तिची सासू अंथरुणाला खिळलेली. तिला कोण नेणार?"

"ते नाही केलं."

"मग कर की! पाणी थांबणारे का?"

प्रगतीने लॅपटॉप पुढे ओढला. म्हातारीला वर नेणं कुठल्याच चालू गेममधून उचलता येणार नव्हतं.

"गेल्या पुरात तिला कसं नेलं होतं गं? खुर्चीत बसवून?"

"चादरीत. चौघांनी चार टोकं धरून," आई म्हणाली. "विसरलीस? एक टोक तू धरलं होतंस."