पोट धुतलेलं इंजिन

गाडी काही मरत नव्हती, आणि गाडी मरेपर्यंत सावकाशला थांबता येत नव्हतं. एवढीशीच गोष्ट, पण एवढीशी गोष्ट माणसाला किती दमवते ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

सावकाश हे त्याचं नाव नव्हे. खरं नाव आईबरोबर गेलं. त्या नावाने हाक मारणारं मागे कुणी उरलं नाही. गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला तो आधी सांगायचा, "सावकाश जाऊ, पण पोचू." लोकांनी तेच त्याला चिकटवलं, आणि पुढे पुढे बायकोही शेजारणींना सांगताना "आमचे सावकाश" म्हणू लागली. भाड्याने गाडी चालवायची हा त्याचा जन्माचा धंदा, आणि गाडीही एकच. चौकोनी तोंडाची, डिझेलवर चालणारी, रंग असा की मूळचा कोणता हे रंगवणाऱ्यालाही सांगता येऊ नये. तिच्या मीटरने एकदा सगळ्या घरांत नऊ दाखवून पुन्हा शून्यापासून संसार मांडला होता, आणि तो दुसरा संसारही आता चांगला मार्गी लागला होता. तिच्या वयाच्या गाड्या कधीच भंगारात गेल्या, वितळल्या, कुणाच्या तरी खिडकीचे गज झाल्या. ही आपली रोज सकाळी खोकून उठायची आणि कामाला लागायची.

यात चमत्कार काही नव्हता. सावकाशने तिला तशा सवयी लावल्या होत्या. सकाळी चावी फिरवली की इंजिन अंगात येईस्तोवर तिला घाई करायची नाही. लांबून पळून आली की चावी लगेच काढायची नाही. उभ्या जागी थोडा वेळ चालू ठेवायची. "धावत आलेल्या माणसाला दारातच कुणी झोप म्हणतं का? आधी दम खाऊ द्या," असं तो उतारूंना सांगे. तेल बदलायची वेळ यायच्या आत तेल बदललेलं असे. जीव लावला की यंत्रसुद्धा जीव धरतं, हेच खरं.

घोटाळा झाला तो लेकीच्या लग्नात. नव्या जावयाने चार लोकांत मोठ्या आदराने म्हटलं, "बाबा, आता पुरे झालं, आराम करा." आणि सावकाशने छाती फुगवून उत्तर दिलं, "जावईबापू, ज्या दिवशी ही गाडी थांबेल त्या दिवशी मी थांबेन!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून ते वाक्य ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. बोलताना माणसाला वाटतं आपण शब्द वापरतोय. पुढे कळतं की शब्दच आपल्याला वापरतायत.

आता त्या गोष्टीलाही बरीच वर्षं झाली होती. क्लच दाबणारा गुडघा रात्री ठणकायचा. गिअरवरच्या हाताला मुंग्या यायच्या, तो झटकून झटकून चालवावं लागे. समोरून दिवे आले की रस्ता विरघळायचा. पण घरातला फोन बायको घ्यायची, आणि तिच्या तोंडात 'नाही' हा शब्द देवाने घातलाच नव्हता. "येतील ना! का नाही येणार? गाडी काय म्हातारी झालीय थोडीच!" असं ती फोनवर हसून म्हणायची, आणि आतल्या खोलीत सावकाश पुन्हा बूट चढवायचा.

मग त्याच्या मनात पाप आलं. ठरवलं, यंदा तेल बदलायचं नाही. जाऊ दे काळं होऊन, होऊ दे चिखल. एक दिवस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी बायकोने खिडकीतून पाहिलं तर हा बॉनेट उघडून आत वाकलेला, आणि जुनं तेल खाली डब्यात सांडतंय. दुसऱ्यांदा ठरवलं की घाट चढून आल्यावर तापलेलं इंजिन खटकन बंद करायचं. वर पोचला, चावीला हात लावला, आणि हात जागच्या जागीच राहिला. उतारू उतरून गेले, तरी हा आपला गाडीत बसून तिला दम खाऊ देतोय. स्वतःला शिव्याही देतोय. जन्मभराची चांगली सवय वाईट सवयीपेक्षा चिवट असते. सुटता सुटत नाही.

शेवटी तो मेस्त्रीकडे गेला. मेस्त्री म्हणजे त्याचा तरुणपणापासूनचा दोस्त. त्याचं गॅरेज म्हणजे एक पत्र्याचं छप्पर, गाडीखाली उतरायला एक खड्डा, आणि भिंतीवर टांगलेले पाने. सावकाशची गाडी हा त्या गॅरेजचा दागिना होता. नवं गिऱ्हाईक आलं की मेस्त्री तिच्याकडे बोट दाखवायचा, "ही बघा! हिचं इंजिन आजवर कुणी उघडलेलं नाही."

"ब्रेक बघ जरा," सावकाश म्हणाला. मग टायरकडे बघत विचारलं, "काय रे, अजून किती काढेल ही?"

तो विचारत होता सुटकेचा दिवस. मेस्त्रीला ऐकू आली काळजी.

"अरे वेड्या, तुला काय घोर लागलाय?" मेस्त्रीने त्याच्या पाठीत थाप मारली. "तुला नि मला पोचवून येईल ही. ठेवून जा, उद्या ने."

आता पाहा, मेस्त्री काही कच्चा कारागीर नव्हता. जुन्या इंजिनाचं पोट धुवू नये, हे तोच सगळ्यांना शिकवायचा. "इतक्या वर्षांची काजळी ही घाण नाही बाबांनो," तो म्हणायचा, "झिजलेल्या फटींत ती भरून बसलेली असते. तिच्यावरच इंजिन उभं असतं." पण प्रेमापुढे शहाणपण टिकत नाही. जुन्या गाड्यांची हौस असलेली काही मंडळी पुढच्या रविवारी ही गाडी बघायला येणार होती. आपला दागिना आतून-बाहेरून लखलखीत दिसावा, आणि मित्राचा घोर जावा, म्हणून मेस्त्रीने इंजिन धुवायचं नवं औषध आणलं, तेलात ओतलं, इंजिन चालू ठेवलं, आणि आतलं सगळं काळं काढून टाकलं. वर मधासारखं नवं तेल भरलं. दुसऱ्या दिवशी तेल मोजायची दांडी काढून दाखवताना त्याचा चेहरा एखाद्या पोरासारखा झाला होता.

"बघ! काय दिसतंय?"

सावकाशने दांडी उजेडात धरली. सोनेरी थेंबात काजळीचा मागमूस नव्हता. पण मित्राच्या तोंडाकडे पाहून तो एवढंच म्हणाला, "छान झालं."

पुढच्या सकाळी तो दवाखान्यातल्या नर्सबाईंना कामावर सोडायला निघाला. चढाच्या मध्यावर गाडीचा आवाज बदलला. मागे आरशात धूर दिसला, आणि समोर तेलाचा लाल दिवा लागला. सावकाशला क्षणात कळलं. काजळी गेली, फटी उघड्या पडल्या, सगळं तेल रस्त्यावर गळतंय. अजून थोडं रेटलं असतं, चढ संपेपर्यंत पाय दाबून ठेवला असता, तर इंजिन कायमचं जाम झालं असतं. कुणी त्याला दोष दिला नसता. इतकी वर्षं मागितलेलं मागणं समोर लाल होऊन जळत होतं.

आणि हाताने चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"तुम्ही थांबलात?" मागून नर्सबाई म्हणाल्या. "आज सूर्य कुठून उगवलाय?"

"तेल गळतंय. तुम्हाला दुसरी गाडी बघून देतो," तो म्हणाला, आणि खाली उतरून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवू लागला.

दुपारी गाडी ओढत गॅरेजमध्ये आणली. बातमी ऐकून बायकोही धावत आली, पायात चपला एकीकडच्या दुसरीकडे. मेस्त्री खड्ड्यातून वर आला तो कोपरापर्यंत तेलाने माखलेला, डोळे लाल.

"वहिनी, मीच मारलं हिला," तो म्हणाला. "दुनियेला नको नको म्हणालो आणि स्वतःच धुतलं. पण ऐका, यानं वेळीच बंद केलं म्हणून आतलं सगळं शाबूत आहे. मी उघडतो. सगळी सीलं नवी, रिंगा नव्या, माझ्या हाताने. आतापर्यंत धावली तेवढी पुन्हा धावेल!"

"करा, भाऊजी, करा," बायको म्हणाली. "हिच्याशिवाय त्यांचं कसं होणार?"

दोघं सावकाशकडे बघू लागले. तो जुन्या टायरांच्या चळतीवर बसला होता. तेवढी पुन्हा, हे शब्द त्याच्या कानात फिरत होते.

"नको उघडू," तो म्हणाला.

"अरे, लाजतोस कशाला? चूक माझी..."

"चुकीचं नाही रे. मी दमलोय." त्याने गाडीकडे बोट दाखवलं. "ही नाही दमली. मी दमलोय. कधीचा. ही मेली म्हणजे सुटेन, म्हणून मी तेल बदलणार नव्हतो. तेही जमलं नाही मला. आज चढावर हात चावीकडे गेला. कशाला गेला?"



"मग इतकी वर्षं तोंडात काय धरलं होतं?" बायको कडाडली. "मी आपली येईल त्याला हो म्हणतेय! मला वाटायचं, हे घरात बसले की आठ दिवसांत झुरून जातील. चार लोकांत बोलला होतात ना! मला का तुम्ही रोज बाहेर हवे होतात? एकटीनं जेवायचा कंटाळा आलाय मला!"

"तू हो म्हणायचीस, म्हणून मी..."

"आणि तुम्ही बूट घालायचात, म्हणून मी!"

मेस्त्रीने तेलाने माखलेल्या हातांनीच तोंड पुसलं आणि सगळं तोंड काळं करून घेतलं. बायको रडता रडता हसली. "भाऊजी, आता आरसा बघू नका," ती म्हणाली. मेस्त्री मात्र हसला नाही. "ठीक आहे," तो हळूच म्हणाला. "नाही उघडत. रविवारी येणाऱ्यांना सांगेन, उभी आहे, बघायची तर बघा." आणि चहा आणायच्या निमित्ताने बाहेर गेला.

सावकाश उठला. कंबर धरून त्याने गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसला. एवढ्या वर्षांत मागच्या सीटवर तो कधी बसलाच नव्हता. सीटला मधोमध खळगा पडला होता, कितीतरी अनोळखी माणसांनी बसून बसून केलेला. त्या खळग्यात तो अलगद बसला. "इथून रस्ता वेगळाच दिसत असेल," तो म्हणाला. बायको काही बोलायच्या आत त्याची मान कलली आणि तोंड उघडं पडलं.

मेस्त्री चहा घेऊन आला तोवर बाहेर दुसरं गिऱ्हाईक येऊन थांबलं होतं. त्याला खड्डा हवा होता.

"उठवू याला?" मेस्त्रीने विचारलं.

"खबरदार," बायको म्हणाली. "पण गाडी तर हलवावी लागेल ना?"

"लागेल."

मग मेस्त्री आणि ते नवं गिऱ्हाईक मागून ढकलू लागले. बायकोने पुढच्या उघड्या खिडकीतून हात घालून स्टिअरिंगचं चाक धरलं. चाक तिने जन्मात कधी हातात धरलं नव्हतं. "इकडे, इकडे वळवा, वहिनी!" मेस्त्री दबक्या आवाजात ओरडत होता. "कळतंय मला, तुम्ही ढकला," ती तितक्याच दबक्या आवाजात म्हणाली. गाडी आवाज न करता, धूर न सोडता भिंतीकडच्या सावलीत सरकत गेली. मागच्या सीटवर सावकाश घोरत होता.