कार्ड बंद करण्याचं कारण

तिनं तिसऱ्यांदा मशीनवर अंगठा दाबला आणि तिसऱ्यांदा लाल दिवा लागला.

"पार गुळगुळीत झालाय हो तुमचा अंगठा," बँकेच्या काउंटरपलीकडच्या मॅडम म्हणाल्या. "करता काय तुम्ही?"

"कवळ्या. लॅबमध्ये दिवसभर दात घासते. दुसऱ्यांचे."

मॅडमना हसू आलं. तिला नाही. उद्या पगार होता. पगाराचा मेसेज जायचा नवऱ्याच्या फोनवर, कार्डही त्याच्याच पाकिटात, दहा मिनिटांत खातं साफ. मग बसच्या तिकिटासाठीसुद्धा हिनं हात पसरायचा. सहा वर्षं ती मैत्रिणींना सांगत आली होती, आमचे हे फार व्यवस्थित आहेत बाई. गेल्या आठवड्यात तिची दाढ ठणकायला लागली. डॉक्टरसाठी पैसे मागितले, तर म्हणाला, "दातांच्याच लॅबमध्ये आहेस ना? तिथंच बघ काहीतरी." त्या दिवशी तिची सटकली. आज ती कपड्यांची बॅग घेऊनच निघाली होती. इथलं काम उरकलं की थेट ताईकडे.

"अंगठा राहू द्या, कोड सांगा," मॅडम म्हणाल्या. "जुन्या नंबरवर गेलाय."

म्हणजे नवऱ्याकडे. पर्समधला फोन वाजलाच.

"बँकेत काय करतेयस तू?"

"नंबर बदलतेय."

"कोड माझ्याकडे आलाय, राणीसरकार. बदलून दाखव." तो हसला. "चल, घरी ये मुकाट्यानं. काय हवंय ते सांग, आणून देतो."

"माझा पगार."

"तुझा? आणि घर कोण चालवतं?"

"तूच चालवतोस ना? मग चालव उद्यापासून."

तिनं फोन कट केला. हात उघडला. ती बोटांकडे बघत राहिली. दात धरायला लागतात अंगठा आणि दोन बोटं. करंगळी आपली कायम बाहेर, कामाला हात न लावणाऱ्या मोठ्या जावेसारखी.

"मॅडम, करंगळी चालेल?"

"लावून तर बघा."

हिरवा दिवा लागला.

मॅडमनी नवा नंबर टाकला. "झालं. अजून काही?"

"कार्ड बंद करायचंय."

त्यांनी फॉर्म पुढे सरकवला. कारणासमोर तीन चौकोन होते. हरवले. चोरीला गेले. खराब झाले.

"हरवलंवर टिक करा," मॅडम म्हणाल्या. "सगळे तेच करतात."

"पण हरवलं नाहीये. कुठंय ते ठाऊक आहे मला."

फोन पुन्हा वाजायला लागला. तिनं तो पालथा घातला, वाजू दिला, आणि मधल्या चौकोनात टिक केली. इतकी दाबून, की खालच्या कागदावर वळ उठला.

मॅडमनी फॉर्म वाचला. एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा थरथरणाऱ्या फोनकडे.

मग काही न विचारता शिक्का मारला.