शेंड्यांची भाजी

“सारजाबाई, गच्चीवरच्या बटाट्याचे शेंडे कुणी खुडले?” कालिंदीताईंनी जिन्यातूनच विचारलं.

“म्याच की, ताई,” स्वयंपाकाला येणाऱ्या सारजाबाई कणीक मळता मळता म्हणाल्या. “काल घरी नेले. हरभऱ्याचे खुडतो तसे, कवळे कवळे. लई मऊ शिजली भाजी.”

त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. सारजाबाई मूळच्या करमाडच्या; तिकडच्या खेड्यातल्या बाईला हरभऱ्याची भाजी म्हणजे हरभऱ्याचा पाला, करडईची म्हणजे करडईचा. मग बटाट्यानंच काय घोडं मारलं होतं?

कालिंदीताई शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. त्या भरभर खाली आल्या. “अहो, बटाट्याचा फक्त जमिनीतला कंद खायचा. पाला, देठ, फळं, कोंब, सगळं विषारी. हिरवा पडलेला बटाटासुद्धा खात नाहीत. कुणी खाल्ली?”

सारजाबाईंचे हात कणकेतच राहिले. त्यांनी स्वतः चवही घेतली नव्हती. भाजी आळून मूठभर झाली, ती सगळी सकाळी सुनेच्या डब्यात घातली होती. तनुजा शेंद्र्याला कंपनीत कामाला, आणि तिला पाचवा महिना चालू होता.

“शिजवल्यावर जातं ना, ताई, इख?”

“नाही जात.”

तनुजाचा फोन बंद लागला. कंपनीत फोन गेटवरच जमा करून घेतात. जेवणाची सुट्टी साडेबाराला आणि आता बाराला दहा कमी होते. कालिंदीताईंनी सारजाबाईंना रिक्षात बसवून दिलं. “उलट्या, पोटदुखी, काहीही झालं तरी थेट दवाखान्यात न्या,” त्या म्हणाल्या.

जालना रोडच्या प्रत्येक सिग्नलला सारजाबाई बाहेर डोकावून दिवा बघत होत्या. पालेभाजी पोटातल्या लेकराला चांगली, असं म्हणून त्यांनीच डबा बळंच पिशवीत कोंबला होता. “दादा, जरा दमानं पण लवकर चला,” त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या. आपण काय म्हणालो ते त्यांनाही कळलं नाही.

गेटवर पोचेपर्यंत पाऊण वाजला. वॉचमननं निरोप धाडला. तनुजा सावकाश चालत बाहेर आली.

“भाजी खाल्ली का गं?”

तनुजाची मान खाली गेली. “तुमाला कुणी सांगितलं, आत्या?”

“खाल्ली का नाय ते सांग आधी.”

“नाय. खरकट्याच्या बादलीत टाकली. दोन महिने झाले, रोजच टाकते. पाल्याचा वासच सोसत नाय. तुमी पहाटं उठून निवडता, मंग सांगवंना.”

सारजाबाई तिथंच गेटपाशी खाली बसल्या. जीव भांड्यात पडला. मग दोन महिन्यांची मेथी, करडई, चिवळ एकेक जुडी आठवली, आणि मनाला लागलंही.

“बरं केलंस, बाई,” त्या म्हणाल्या. “मंग खातीस काय?”

“कोरडी भाकर.”

सारजाबाई बोटांवर वाळलेली कणीक नखानं खरवडत बसल्या.

“बटाटा चालंल का?” त्यांनी विचारलं. “सोलून करीन.”