ताई नंबर सात

लेकीने माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. शुक्रवारचं तिकीटही काढलं होतं. आणि सोमवारी माझा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, गाल अजून जमले नाहीत गं."

फोटो स्टुडिओ आमच्या वडिलांचा. पूर्वी मी काळ्यापांढऱ्या फोटोंवर ब्रशने रंग भरायचे. मग कॉम्प्युटर आला आणि तोच हात माउसवर बसला. पडद्यावरची नावं वाचता यावीत म्हणून पन्नाशीत अक्षरं गिरवली. चेहरा किती उजळवायचा, ओठ किती उठवायचे, डोळ्यांखालची सावली किती ठेवायची, हे एकदा ठरवून स्टाईल म्हणून साठवलं की पुढच्या फोटोला एका क्लिकवर तसंच्या तसं लागतं.

भावाचं म्हणणं एवढंच होतं, "तुझा हात या डब्यात भरून दे आणि मग खुशाल जा."

मी भरून दिला. नाव ठेवलं 'ताई'. तीन दिवसांनी तो म्हणाला, गाल फार लाल. 'ताई दोन' केली. मग म्हणे फिके. मग परत लाल. चार महिन्यांत सात झाल्या आणि दोनदा तिकीट रद्द झालं. लेक फोनवर म्हणाली, "आई, त्या रंगाचे पोपडे निघायच्या आत ये म्हणजे झालं."

मला वाटलं, हा मुद्दाम खुसपटं काढतोय. नवीन माणसाला शिकवायची कटकट नको, म्हणून मला अडकवतोय. मग मीही ठरवलं, याला पुराव्यानिशी पकडायचं.

मंगळवारी 'सात' उघडली आणि गालांत लालऐवजी हिरवा सोडला. थोडाथोडका नाही. शाळेच्या ग्रुप फोटोतली चाळीस पोरं शेवाळ चढल्यासारखी दिसायला लागली. त्याच नावाने सेव्ह केलं. या नावाची स्टाईल आधीच आहे, तिच्या जागी ठेवू का, असं कॉम्प्युटरने विचारलं. मी हो म्हटलं आणि भावाला हाक मारली.

तो खुर्ची ओढून बसला. चष्मा वरखाली केला.

"आता कसे आहेत?"

"बरे आहेत. पण अजून जरा लालच वाटतात."

मला हसू यायला लागलं. "कुठे लाल?"

"हे काय, सगळेच. त्या मास्तरीणबाईंचे जरा जास्तच."

मास्तरीणबाई पालकाच्या पानासारख्या दिसत होत्या. माझं हसू तोंडातच राहिलं. तो पडद्याकडे बघतच नव्हता. माझ्या तोंडाकडे बघत होता.

"बाळ्या, हिरवे आहेत रे ते."

तो काउंटरवरची धूळ बोटाने पुसत म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, कडा दिसत राहतील, रंग नाही. वर्ष होऊन गेलं."

"मग बोलला का नाहीस, मेल्या?"

"बोललो असतो तर तू राहिली असतीस."

"आणि न बोलून काय वेगळं झालं?"

"निदान तुला वाटत तरी होतं, पुढच्या महिन्यात जाशील."

मी म्हटलं, "अरे, स्टाईल आहे ना. एक क्लिक, बस्स."

"क्लिक मी कधीही करीन. बरोबर आलं की नाही, हे कोण सांगणार? आजारातून उठलेलं माणूस येतं, उन्हातून आलेलं येतं. दर वेळी क्लिक केल्यावर तू थोडं मागेपुढे करतेस. ते कुठे साठवलंयस?"

ते मी कुठेच साठवलं नव्हतं. करते आहे हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

"तू जा शुक्रवारी," तो म्हणाला. "मी पाटी उतरवतो."

तो मनापासून बोलत होता. खोटं बोलला असता तर भांडून तरी निघता आलं असतं.

जुनी सात मी माझ्याच हाताने पुसून टाकली होती. एकेक गाल पुन्हा बसवायला घेतला. भाऊ शेजारी बसून कालच्या फोटोंच्या कडा कात्रीने कापत होता. तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, शुक्रवारी स्टेशनवर किती वाजता येऊ?"

शेजारची कात्री थांबली.

"थांब जरा," मी म्हटलं, "आधी एवढं सेव्ह करते."